जुन्या वहीपासून शोधनिबंधापर्यंत: गोव्यातल्या अभ्यासकासाठी डिजिटल कामाची पद्धत

गोव्याच्या इतिहासावर काम करणाऱ्याला कागदांची वाण नाही. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची. त्या वर्षी इतिहासकार दियोगु दु कोतु याच्याकडे इथल्या दप्तराची जबाबदारी आली. पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचा उगम १८३२ चा आहे. त्याखेरीज देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या, कोमुनिदादींच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकरी संस्थांच्या, सभांची इतिवृत्तं आणि घराघरांतल्या पेट्यांमधली खतं-पत्रं आहेतच. हे सगळं पोर्तुगीज, मराठी आणि कोकणीत आहे. लिपी कुठे रोमन, कुठे देवनागरी, कुठे मोडी, तर जुन्या गावकरी कागदांत गोंयकानडी, ही कन्नडशी नातं असलेली जुनी लिपी.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे परवानगी मिळाली की पाचशे पानं एका दिवसात टिपून होतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सहा महिन्यांनी फोटो उघडला की तो कुठल्या वहीतला, कितवं पान, आधीचं पान राहिलं का, वाचन कोणी केलं, यातलं काहीच सांगता येत नाही. मग तोच अभ्यासक तीच वही पुन्हा मागतो, आणि जीर्ण वहीला पुन्हा हाताळणी सोसावी लागते.

हा लेख अशा कामाची एक पद्धत पायरीपायरीने मांडतो. एकट्या विद्यार्थ्याला आणि चार-पाच जणांच्या गटालाही ती झेपेल. तिच्या मुळाशी एकच नियम आहे: कागदावर जे दिसतं ते एका जागी ठेवायचं आणि त्यावरचा आपला निर्णय दुसऱ्या जागी. हे दोन्ही एकमेकांत मिसळले की पुढे कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणलं तरी ते वेगळे करता येत नाहीत.

आधी निर्णयवही

कॅमेरा काढण्यापूर्वी साध्या मजकुराची एक फाइल उघडा आणि तिला ‘निर्णयवही’ म्हणा. तिच्यात तारीख घालून एकेक ठराव लिहायचा. उदाहरणार्थ, ‘जुन्या लेखनातले अनुच्चारित अनुस्वार मुळाप्रमाणे ठेवायचे’, ‘न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी अंदाज लिहायचा नाही, खूण करायची’, ‘गावाचं नाव मजकुरात मुळातल्यासारखं, तक्त्यात आजचं’. निर्णय बदलला तर जुना खोडू नका. त्याच्याखाली नवी तारीख घालून नवा लिहा. म्हणजे पहिली चाळीस पानं एका नियमाने आणि पुढची दुसऱ्या नियमाने का उतरली आहेत, हे दोन वर्षांनीही कळेल.

याच वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी असू द्या: अभ्यासाचा प्रश्न काय, त्यासाठी नेमकी कुठली बाडं लागणार आणि ती वापरायची परवानगी कोणी, कुठल्या अटीवर दिली. प्रश्न लिहिलेला नसला की माणूस दिसेल ते टिपत सुटतो.

फाइलचं नाव

नाव छोटं, ठरलेल्या साच्याचं आणि कायमचं असावं. ते रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत (0 ते 9) ठेवा. देवनागरी नावं आपल्या संगणकावर नीट दिसतात, पण झिप करून दुसऱ्याकडे पाठवली किंवा जुन्या यंत्रणेवर उघडली की त्यांचे तुकडे होण्याचा धोका असतो. रिकाम्या जागा, स्वल्पविराम आणि कंसही नकोत.

एक साचा असा: संग्रहाचा संकेत, बाडाचा क्रमांक, पानाचा क्रमांक, बाजू. देवनागरीत उच्चारून दाखवायचं तर ‘डीव्हीएस-बी०७-०४३आर’. म्हणजे देवस्थान संग्रह, सातवं बाड, त्रेचाळिसावं पान, पुढची बाजू. मागच्या बाजूला ‘आर’ऐवजी ‘व्ही’. पानाचा आकडा नेहमी तीन अंकी घ्या, नाहीतर संगणक १० ला २ च्या आधी नेऊन बसवतो.

नावात कागदाची तारीख किंवा विषय घालण्याचा मोह होतो. तो टाळा. तारीख बहुतेकदा आपण लावलेली असते. ती उद्या बदलू शकते, पण फाइलचं नाव बदलून चालत नाही, कारण तोवर ते टिपणांत, तक्त्यांत आणि निबंधाच्या तळटिपांत गेलेलं असतं.

फोल्डर चारच पुरेत: ‘मूळ’, ‘कामाच्या प्रती’, ‘मजकूर’, ‘तक्ते’. ‘मूळ’ फोल्डर फोटो उतरवल्याच्या दिवशीच फक्त-वाचनीय करून टाका. फिरवणं, कापणं, उजळवणं हे सगळं प्रतींवर करायचं.

फोटो काढताना

यात फार गुंतागुंत नाही. खिडकीचा तिरपा, मंद उजेड उत्तम. फ्लॅश कधीच नको. कॅमेरा किंवा फोन स्टँडवर वरून सरळ खाली रोखलेला असावा, पान सपाट, चारही कडा चौकटीत आणि कडेला सेंटिमीटरची पट्टी. प्रत्येक बाडाचा पहिला फोटो एका चिठ्ठीचा घ्या, ज्यावर बाडाचा संकेत, संग्रहाचं नाव आणि दिवस लिहिलेला आहे. कोरी पानंसुद्धा टिपा. ती सोडली तर पुढे हिशोब लागत नाही. पान मोठं असेल तर अक्षराची जाडी फोटोत नीट उमटते का, हे पहिल्या दोन पानांवरच शंभर टक्के आकारात पाहून घ्या. साधारण ३०० पिक्सेल प्रति इंच ही खालची मर्यादा धरा. बारीक मोडीला ४०० बरे.

फाटणाऱ्या पानाला जोर लावून सपाट करू नका. तिथे फोटो अपुरा राहिला तरी चालेल. तसं नोंदतक्त्यात लिहा.

नोंदतक्ता

फोटोंचा ढीग आणि संग्रह यांत फरक पडतो तो या तक्त्यामुळे. अभिलेखागारातल्या फोटोंसाठी ‘ट्रॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर फार उपयोगी आहे. त्यात एका दस्तऐवजाची अनेक पानं एकत्र बांधता येतात, प्रत्येकावर टिपण लिहिता येतं आणि सगळं तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतं. छापील पुस्तकं आणि लेख यांसाठी ‘झोटेरो’. दोघांची कामं वेगळी आहेत, एकातच सगळं कोंबू नका.

रकाने स्वतःच्या मनाने बनवण्यापेक्षा ‘डब्लिन कोर’च्या पंधरा घटकांतून निवडा: शीर्षक, कर्ता, दिनांक, भाषा, प्रकार, स्रोत, हक्क वगैरे. जगभरची ग्रंथालयं हे घटक ओळखतात, त्यामुळे उद्या तुमचा तक्ता दुसऱ्या यंत्रणेत घालायचा झाला तर भाषांतराची कटकट राहत नाही. भाषेसाठी आंतरराष्ट्रीय तीन अक्षरी संकेत वापरा: मराठीसाठी ‘एम-ए-आर’, पोर्तुगीजसाठी ‘पी-ओ-आर’, कोकणीसाठी ‘के-ओ-के’, गोव्याची कोकणी वेगळी दाखवायची तर ‘जी-ओ-एम’. लिपीसाठी स्वतंत्र रकाना ठेवा, हे गोव्यात अत्यावश्यक आहे. ‘मराठी’ एवढंच लिहिलं तर कागद मोडीत आहे की देवनागरीत, हे कळत नाही आणि तो वाचायला कोणाकडे द्यायचा हेही ठरत नाही.

प्रत्येक माहितीच्या रकान्याला एक जोडीदार रकाना द्या: ‘मुळात कसं लिहिलं आहे’ आणि ‘आपण काय ठरवलं’. तिसरा रकाना खात्रीचा: पक्कं, बहुधा, शंका. तीन शब्द पुरतात.

मजकूर उतरवणं

इथे स्रोतानुसार वाटा वेगळ्या होतात.

छापील पोर्तुगीज आणि छापील मराठी यांना ‘टेसरॅक्ट’ हे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर देणारं मुक्त सॉफ्टवेअर चालतं. त्यात दोन्ही भाषांची मॉडेलं आहेत आणि एकाच पानावर दोन्ही भाषा असतील तर ती एकत्रही लावता येतात. विसाव्या शतकाच्या आरंभीची गोव्यातली काही नियतकालिकं द्विभाषिक होती, तिथे ही सोय कामाला येते. ‘ओसीआर-माय-पीडीएफ’ हे त्यावरच उभं असलेलं साधन सबंध पीडीएफ शोधण्याजोगी करून देतं. ज्याला आज्ञा टंकून काम करता येतं त्याने तेच वापरावं.

हस्तलिखित पोर्तुगीजसाठी ‘ट्रान्सक्रिबस’ किंवा मुक्त स्वरूपातलं ‘ई-स्क्रिप्टोरियम’. दोन्हीकडे तत्त्व एकच: तुम्ही काही हजार शब्द स्वतः अचूक उतरवून द्यायचे, यंत्र त्या हातावरून शिकतं. एकाच लेखनिकाच्या हस्ताक्षरात शंभरावर पानं असतील तरच हा खटाटोप परवडतो. दहा पानांच्या पत्रव्यवहारासाठी मॉडेल शिकवत बसण्यात अर्थ नाही. सरळ बसून वाचा.

मोडीचं गणित आणखी वेगळं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक संकेतयादीत, मोडीला २०१४ मध्ये स्थान मिळालं, पण अभ्यासाची रूढ पद्धत देवनागरीत लिप्यंतर करण्याचीच आहे आणि तीच ठेवावी. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. म्हणजे शब्द कुठे तोडायचा आणि वेलांटी कुठली द्यायची, हे दोन्ही वाचणाऱ्याचे निर्णय आहेत. ते निर्णयवहीत नियम म्हणून लिहून काढा. संक्षेपांचंही तसंच, अर्धवट अक्षरापुढे दोन दंड दिले की तो संक्षेप असतो, पण एकच संक्षेप संदर्भाप्रमाणे वेगवेगळ्या शब्दांसाठी येऊ शकतो. म्हणून संक्षेप जसाच्या तसा ठेवायचा आणि विस्तार वेगळ्या खुणेत द्यायचा.

या खुणांसाठी नवी चिन्हं शोधायची गरज नाही. ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’, म्हणजे टीईआय, हे मानक १९८७ पासून नेमक्या याच प्रश्नांवर घडत आलं आहे. मूळ रूप आणि सुधारलेलं रूप शेजारी ठेवायला, संक्षेप आणि त्याचा विस्तार दाखवायला, शंकास्पद अक्षर, कसरीने खाल्लेली जागा आणि संपादकाने भरलेला शब्द यांना त्यात वेगवेगळ्या खुणा आहेत. संपूर्ण मानक शिकायला वर्षं लागतील. तुम्हाला पहिल्या प्रकल्पात त्यातल्या दहा-बारा खुणांपलीकडे काही लागणार नाही. त्या दहा-बारा निवडा, प्रत्येकीचं तुमच्याच वहीतलं एक उदाहरण निर्णयवहीत लिहा आणि गटातल्या सगळ्यांना तेवढ्याच वापरायला सांगा.

छापील जुन्या मराठीबद्दल एक आग्रह. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात ‘त्यानें’, ‘घरें’, ‘करणें’ असे अनुस्वार आहेत. ते काढून टाकून ‘स्वच्छ’ करू नका. शोधण्याच्या सोयीसाठी अनुस्वारविरहित प्रत हवी असेल तर ती यंत्राने वेगळी तयार करा. पुसलेला अनुस्वार यंत्राला परत आणता येणार नाही.

आता संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलंही फोटोवरून मजकूर उतरवून देतात, कधी कधी फार सुंदर. त्यांचा धोका त्या सौंदर्यातच आहे. टेसरॅक्ट चुकला की अक्षरांचा चिवडा दिसतो आणि डोळा लगेच थांबतो. ही मॉडेलं चुकली की जागेवर ओघवतं, व्याकरणशुद्ध, पण कागदावर नसलेलं वाक्य येतं. वापरायची असतील तर पहिला कच्चा खर्डा म्हणून वापरा; मॉडेलचं नाव, आवृत्ती, दिलेली सूचना आणि तारीख नोंदा; आणि माणसाने मूळ पानाशी ओळ-ओळ ताडून पाहिल्याशिवाय त्यातला एक शब्दही उद्धृत करू नका.

यंत्राचं वाचन कितपत विश्वासार्ह, हे मोजता येतं. चिठ्ठ्या टाकून काही पानं निवडा, ती हाताने उतरवा आणि यंत्राच्या मजकुराशी ताडून शंभर अक्षरांत किती चुकली ते काढा. सोपी पानं वेचून घेऊ नका, चिठ्ठीत येतील तीच घ्या. माझ्या मते शंभरात दहापर्यंत चुका असतील तर शोधण्यापुरता मजकूर चालतो. शब्द मोजायचे असतील, वारंवारता काढायची असेल, तर त्याहून पुष्कळ स्वच्छ हवा. आणि हा आकडा निबंधात द्या.

दिसायला सारखं, आतून वेगळं

मराठी मजकुरावर यंत्र चालवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट समजून घेतलीच पाहिजे. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त असतो. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच: कोणी ते एकसंध अक्षर म्हणून टंकतं, कोणी ‘अ’वर चंद्र ठेवून. दोन दंड कोणी एका चिन्हाने देतं, कोणी एकेक दंड दोनदा देऊन.

युनिकोडचं ‘एनएफसी’ नावाचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं, प्रत्येक फाइलवर चालवाच. पण न दिसणारा जोडक आणि ‘ॲ’ यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी स्वतःची एक अदलाबदल यादी ठेवावी लागते, ज्यात डावीकडे आढळणारं रूप आणि उजवीकडे आपण स्वीकारलेलं रूप. ही यादी शोधाच्या प्रतीवर चालवा. मजकूर श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटमधून आला असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग दुसरं काहीही. रूपांतर झाल्यावर रफार, ऱ्ह, ऱ्य आणि जोडाक्षरं असलेल्या ओळी मुद्दाम काढून वाचा; चुका तिथेच दडतात.

तारखा, गावं, माणसं, पैसे

तारखेचं आंतरराष्ट्रीय रूप वर्ष-महिना-दिवस असं आहे. ते तक्त्यात ठेवा. नुसतं वर्ष माहीत असेल तर नुसतं वर्ष. २०१९ पासून या मानकाच्या दुसऱ्या भागात ‘अंदाजे’ आणि ‘शंकास्पद’ दाखवायचीही सोय आहे. पण शेजारच्या रकान्यात मुळातली शके, संवत्सर, मास, तिथी, वार ही सगळी अक्षरशः असली पाहिजेत.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींना ७९. मोडी कागदांतल्या शुहूर सनाचं वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, तिथे ५९९ किंवा ६०० मिळवायचे. यंत्राला हे शिकवता येतं, पण त्याची परीक्षा घ्यायला खात्रीच्या तारखा लागतात. शिवराज्याभिषेक घ्या: ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. आपल्या सर्वांच्या तोंडी ६ जून १६७४ आहे आणि ती ज्युलियन तारीख आहे, मुंबईचे इंग्रज तेव्हा वापरत ती. पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन पंचांग घेतलं होतं, त्या हिशेबाने तो दिवस १६ जून. सतराव्या शतकात हा फरक १० दिवसांचा होता. गोव्याच्या पोर्तुगीज पत्राची तारीख आणि मुंबईच्या इंग्रजी पत्राची तारीख शेजारी ठेवून कोण आधी लिहितो हे ठरवणाऱ्याने पंचांगाचा रकाना ठेवला नाही, तर घटनांचा क्रमच उलटा लागेल. इंग्रजांनी १७५२ मध्ये पंचांग बदललं. तिथपर्यंत ही काळजी घ्यायची. कागदावर वार दिलेला असेल तर तो सोन्यासारखा पुरावा आहे: रूपांतर केलेल्या तारखेला तोच वार येतो का, हे यंत्र क्षणात तपासतं.

गावांसाठी एक स्वतंत्र स्थळसूची करा. प्रत्येक गावाला क्रमांक, आजचं देवनागरी नाव, तालुका, अक्षांश-रेखांश, विकिडेटा या खुल्या माहितीकोशातला क्रमांक आणि खाली सापडतील तशी सगळी रूपं. पोर्तुगीज कागदांत साष्टी ‘साल्सेत’ होते, तिसवाडी ‘इल्याश’, डिचोली ‘बिशोलीं’, सांखळी ‘सांकेलीं’. खोर्ली तिसवाडीतही आहे आणि म्हापशातही. तालुक्याशिवाय गावाचं नाव तक्त्यात घालूच नका. सतराव्या शतकातल्या कागदात नुसतं ‘गोवा’ आलं तर ते बहुधा शहर असतं, आजचं जुनं गोवें. आणि ‘नवें गोवें’ म्हणजे पणजी, हे नाव १८४३ चं. यंत्राने ‘गोवा’ दिसताच राज्याच्या नकाशावर ठिपका ठेवला तर तो चुकलाच.

माणसांच्या बाबतीत याहून सावध राहा. पोर्तुगीज लेखनात प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले, कामतांचे ‘कामोतीं’, शेणवींचे ‘सिनाय’. ‘ओपनरिफाइन’ हे मोफत साधन सारखी दिसणारी रूपं गोळा करून एकत्र करण्याची सूचना देतं. गावांच्या नावांना ते उत्तम. माणसांच्या नावांना ती सूचना वाचा, पण एका दमात मान्य करू नका: आजोबा आणि नातू एकाच नावाचे असणं आपल्याकडे नेहमीचं आहे. प्रत्येक उल्लेखाला आधी वेगळा क्रमांक द्या. दोन उल्लेख एकाच व्यक्तीचे आहेत असं ठरलं की ते कारणासह वेगळ्या तक्त्यात जोडा. जोड चुकली तर ती एक ओळ काढली की झालं.

पैसे आणि मापं यांचं रूपांतर मजकुरात कधीच करू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सुधारणेआधी रुपिया, म्हणजे पोर्तुगीज गोव्याचं चलन, ६०० रैशची होती, नंतर १६ तांगांची, म्हणजे ९६० रैशची झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एका रुपियाला ६ एश्कुदु असा बदल झाला. देवस्थानाच्या जमाखर्चाची शंभर वर्षांची रेघ काढायची तर काळानुसार दरांचा वेगळा तक्ता करा आणि आकडे त्याला जोडा. खंडी आणि कुडव यांना तर सबंध गोव्यासाठी एकच आकडा लावू नका; त्या गावच्या कागदांत माप कसं आलं आहे ते पाहून दर ठरवा.

यंत्राकडे काय सोपवायचं

आता स्वयंचलनाकडे येऊ. बहुतेकांना पहिली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, अशी हवी असते की एक बटण दाबलं आणि सगळं झालं. माझा सल्ला उलटा आहे: पहिली स्क्रिप्ट काम करणारी नको, तपासणारी हवी. फाइलचं नाव साच्यात बसतं का, ०४३ नंतर ०४५ कसं आलं, तक्त्यातला कुठला रकाना रिकामा आहे, मजकुरात वापरलेला गावाचा क्रमांक स्थळसूचीत आहे का, वार जुळतो का. अशी स्क्रिप्ट काहीही बदलत नाही, फक्त यादी देते. ती रोज संध्याकाळी चालवा. तिची यादी रिकामी यायला लागली की समजा, तुमचं प्रमाणीकरण खरोखर रुजलं.

त्यानंतर बदल करणारी कामं एकेक करून सोपवा, जी आधी हाताने इतक्या वेळा केली आहेत की नियम तोंडपाठ आहे. मूळ फोटोवरून हलक्या प्रती काढणं, पान सरळ करणं, टेसरॅक्ट चालवणं, युनिकोड सामान्य करणं, शोधाची प्रत बनवणं, तक्त्यावरून टीईआय फाइलीच्या आरंभीची माहिती भरणं. प्रत्येक टप्पा एका फोल्डरातून वाचतो आणि दुसऱ्यात लिहितो. जिथून वाचतो तिथे कधीच लिहीत नाही. ‘मेक’ किंवा ‘स्नेकमेक’ या साधनांत कुठली फाइल कुठल्यावरून बनते हे एकदा लिहून दिलं की बदललेल्या पानांपुरतंच काम पुन्हा होतं. प्रत्येक वेळी नोंदवहीत एक ओळ उमटू द्या: कधी, कुठली आवृत्ती, किती फाइली, किती अडल्या.

पायथन ही संगणकाची भाषा येत नसेल तर अडून राहू नका. ओपनरिफाइन तुम्ही केलेल्या प्रत्येक बदलाची यादी ठेवतं. ती यादी बाहेर काढून पुढच्या बाडाच्या तक्त्यावर तशीच चालवता येते. पुष्कळ प्रकल्पांना तेवढं स्वयंचलन पुरेसं असतं.

माणूस कोण, तारीख शंकास्पद आहे का, शब्द कुठे तोडायचा, या गोष्टी यंत्राने सुचवाव्यात, ठरवू नयेत. यंत्राची सूचना ‘शंका’ या शेऱ्यासह तक्त्यात येऊ द्या. शेरा बदलणाऱ्या माणसाची आद्याक्षरं शेजारी. गटात दोघांनी एकच पान स्वतंत्रपणे वाचून ताडणं महिन्यातून एकदा तरी व्हावं. प्रताधिकार संपलेल्या छापील ग्रंथांसाठी मराठी विकिस्रोतावर ही सोय तयारच आहे: एकाने तपासलेलं पान दुसऱ्या व्यक्तीने तपासल्याशिवाय तिथे पूर्ण मान्य होत नाही.

आवृत्त्या, प्रती, हक्क

मजकूर, तक्ते, निर्णयवही आणि स्क्रिप्ट ‘गिट’ या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ठेवा, फोटो नको, ते फार जड होतात. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘खरंच अंतिम’ अशा फाइली मग राहत नाहीत आणि कोणी काय बदललं ते ओळीनिशी दिसतं.

फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हार्ड डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. बाहेरची प्रत त्याच वाड्यावर न ठेवता दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. प्रत्येक फाइलचा ‘शा-२५६’ हा ठसा, म्हणजे फाइलवरून निघणारा आणि ती बदलली की बदलणारा संकेत, काढून यादी जपा आणि पावसाळा संपला की सगळ्या प्रतींचे ठसे पुन्हा ताडा. एखादी फाइल सडली असेल तर ती तेव्हाच कळते आणि दुसरीवरून भरून काढता येते.

प्रसिद्ध करण्यापूर्वी हक्क पाहा. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार टिकतो, पुढच्या वर्षारंभापासून मोजून. १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन २०२५ पासून खुलं झालं. कागदाची मालकी आणि प्रताधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवस्थानाने किंवा घराण्याने फोटो काढू दिला म्हणजे तो महाजालावर घालायला सांगितलं असं नव्हे. दोन्हीची लेखी संमती वेगवेगळी घ्या. वह्यांत कर्जं, दंड, जातीय वाद, मानपानाचे तंटे असतात आणि त्यातली कुटुंबं आजही त्याच गावात नांदतात. अलीकडच्या काळातल्या नोंदी असतील तर तक्ता खुला करताना नावं झाकलेली प्रत द्या. वहीच्या मालकांना मात्र पूर्ण सूची छापून आणि सगळे फोटो एका डिस्कवर घालून, निबंध छापून येण्याची वाट न पाहता द्या.

खुला करण्याजोगा भाग ‘झेनोडो’सारख्या भांडारात ठेवा. एका नोंदीत ५० गिगाबाइटपर्यंत मावतं आणि डीओआय, म्हणजे संदर्भ देण्यासाठीचा कायमचा क्रमांक, मिळतो. सोबत निर्णयवही, अदलाबदल यादी आणि तपासणीची स्क्रिप्टही ठेवा; त्यांच्याशिवाय तुमचा तक्ता दुसऱ्याला वापरता येणार नाही. झेनोडो दोन तऱ्हेचे क्रमांक देतं: एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून, एक प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र. निबंधाच्या तळटिपेत दुसरा द्या, म्हणजे तुम्ही ज्या तक्त्यावरून निष्कर्ष काढला तोच तक्ता वाचकाच्या हाती पडेल.